दादरला येणारे आणि दादरला राहणारे

मुंबईत दोन माणसांना भेटायचं असलं की एकच तोडगा, "दादरला भेटू". एक विरारचा, दुसरा डोंबिवलीचा, वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाइनी दादरला भेटतात म्हणून हेही दादरलाच भेटणार. आम्ही तर इथेच राहतो, त्यामुळे तुला कुठे बरं पडेल असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सातला आपण चालत नाही, गर्दी आपल्याला उतरवून देते. डिसेंबर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मचे नंबर बदलले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच ठेवले आणि सेंट्रलचे ८ ते १४ केले, कारण आधी दोन्हीकडे एक नंबर होता आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या जिन्यावर जायचा. बाबा अजून "सेंट्रलचा एक" म्हणतात आणि मग स्वतःच "म्हणजे आठ रे" म्हणून दुरुस्त करतात. अर्थात बाबांना काय हसायचं, अख्खं दादर अजून टी.टी. म्हणतं. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, मुंबईतली ट्राम बंद झाली १९६४ ला, पण टॅक्सीवाल्याला खोदादाद सर्कल म्हणून बघा, तो आधी तुमच्याकडे बघेल आणि मग विचारेल, टी.टी. का?

टी.टी.कडचे म्हणजे ईस्टवाले, ते आमच्याकडे जरा दयेनेच बघतात. त्यांचं दादर आखीव. १८९६ च्या प्लेगनंतर इंग्रजांनी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि शहरातली दाटी कमी करायला इकडे गावाबाहेर मोजूनमापून वस्ती बसवली, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, रुंद रस्ते, दुतर्फा झाडं, दोन-तीन मजली घरं. तेव्हाचं उपनगर हो हे! आता कुठल्याही बाजूने बघा, मुंबईच्या पोटात आहे. पण हिंदू कॉलनीच्या गल्लीत भर दुपारी कुणाच्या तरी कुकरची शिट्टी रस्त्यावर ऐकू येते, मी स्वतः ऐकलीये, आणि स्टेशन तिथून चालत दहा मिनिटांवर. बाबासाहेबांचं राजगृह याच कॉलनीत, पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून बांधलेलं घर. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो लोक येतात तेव्हा आमच्या बाजूला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. आमच्याकडे वर्षभर गर्दी असते, पण येणारा माणूस पिशवीभर पुस्तकं घेऊन परततो असं मी फक्त त्याच दिवशी बघितलंय.

आमची बाजू बघायची तर पहाटे पाचला फूलमार्केटला या. पायाखाली झेंडूचा चिखल, वर ट्यूबलाइट, डोक्यावर टोपल्या घेऊन "बाजूऽ बाजूऽ" करत धावणारे हमाल. पाव किलो शेवंती मागितली की होलसेलवाला तोंडाकडेसुद्धा बघत नाही, "किरकोळ पुढे". पुढे म्हणजे वसईहून पहिल्या गाड्यांनी आलेल्या बायका, चाफ्याच्या छोट्या पिशव्या मांडून बसलेल्या. आईची एक ठरलेली आहे. दोघींचं भावावरून रोज भांडण होतं, रोज तोच भाव ठरतो, आणि एखाद दिवस ती दिसली नाही तर आई घरी येऊन दहा वेळा म्हणते, बरं नसेल का गं तिला?

आणि शिवाजी पार्क. १९२५ ला माहीम पार्क म्हणून सुरू झालं, १९२७ ला आत्ताचं नाव मिळालं, सभा, क्रिकेट, कट्टा हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही. मी धुळीबद्दल लिहिणार. मैदानावरची लाल माती वारा सुटला की उठते आणि थेट आमच्या घरात. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. तुळस हिरवी कमी आणि विटकरी जास्त. पाणी मारू, गवत लावू हे ऐकून ऐकून आता आम्ही तक्रार सोडून ओलं फडकंच खिडकीत ठेवलंय. तरी संध्याकाळी त्याच कट्ट्यावर जाऊन बसतो, कारण दुसरीकडे जाणार कुठे, आणि खरं सांगायचं तर जायचंही नसतं.

गेल्या दिवाळीत बोरिवलीची मावशी रानडे रोडला खरेदीला आली होती. खालून फोन, "अगं मी तुमच्या बिल्डिंगखालीच आहे". आईने लगबगीने चहा टाकला. तर मावशी म्हणते, वर नाही येत गं, सात दहाची फास्ट पकडायची आहे, तू फक्त ही कंदिलाची पिशवी ठेवून घे, गर्दीत चेपेल, उद्या घेऊन जाईन.

कंदील देवदिवाळीपर्यंत आमच्या कपाटावर होता. शेवटी आम्हीच लावला.