गाडी दहा मिनिटं थांबेल

जुलै महिना म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत साधारण ३१ जुलैला संपते आणि लोकांना ते साधारण २५ तारखेला आठवतं, मग सगळे एकदम उगवतात, कुणाला फॉर्म १६ मिळालेला नाही, कुणाचं व्याज २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या सरकारी उताऱ्यात, दिसतंय पण पासबुकात सापडत नाही, कुणी व्हॉट्सअॅपवर पॅन कार्डाचा असा फोटो पाठवतं की त्यात कार्ड कमी आणि शेजारची पोह्यांची बशी जास्त. या दिवसांत ऑफिसात कुणी खुर्चीवरून उठलं तर बाकीचे अशा नजरेने बघतात की उठणारा बिचारा न विचारताच सांगून टाकतो, "पाणी पिऊन येतो हं."

ब्रेक वगैरे घ्यावा असं म्हटलं की आमच्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे वेगळा कशाला, मधेमधे मोबाइल बघतोच की. बघतो, खरंय. पण डोळे तेच, मान तीच, फक्त मोठ्या स्क्रीनवरून छोट्या स्क्रीनवर आलो, आणि त्या पाच मिनिटांत फॅमिली ग्रुपवरची भांडणं, सोन्याचा भाव, कुठलातरी अपघात आणि मुलांची फी भरायची राहिलीये हे सगळं डोक्यात कोंबून परत एक्सेलला यायचं, तर मघाशी कुठल्या ओळीवर होतो तेच सापडत नाही. मला विचाराल तर ह्याला विश्रांती म्हणणं म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारून उपास कडक होता म्हणण्यातलं आहे. आमच्यातल्या एकाने पोमोडोरोचं अॅप टाकलं होतं, ते २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टीवालं, फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने कॉलेजात असताना स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या टायमरवरून काढलेलं. पद्धत चांगलीच आहे हो, पण चिरिल्लोला बहुतेक क्लायंटचे फोन येत नसावेत.

डोळ्यांचे डॉक्टर सांगतात की दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा. आता आमच्या ऑफिसात वीस फूट आणायचे कुठून, समोर सहा फुटांवर कपाट, कपाटावर फायली आणि फायलींवर दोन दिवाळ्यांपूर्वीचा आकाशकंदील. त्यामुळे खिडकीशी जावं लागतं. खिडकीतून रस्त्यापलीकडे भाजीवाल्या मावशींची हातगाडी दिसते, आणि दुपारी दोनच्या सुमाराला तिथे जे चालतं ते बघण्यासारखं असतं. गिऱ्हाईक कमी झालं की मावशी आधी पालेभाज्यांवर ओलं गोणपाट पसरतात, चारी कोपरे नीट खोचून. मग तराजू उचलून टोमॅटोंच्या मागे उलटा ठेवतात, वजनं पिशवीत, पिशवी उशाला. गाडीच्या चाकांच्या मधे सिमेंटची रिकामी गोणी अंथरायची, पदर तोंडावर ओढायचा आणि कुशीवर वळायचं. दीड हातावरून रिक्षा, टेम्पो, कुकरच्या शिट्ट्या वाटाव्यात असे हॉर्न. कुणी आलंच तर पदराआडून भाव येतो, "दोडका वीसला पाव." घ्यायचा तर घ्या, उठणार कुणी नाही. चारच्या आधी त्या बरोबर उठतात, बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतात, तेच उरलेलं पाणी कोथिंबिरीवर शिंपडतात आणि मेथीची जुडी अशी झटकतात की आम्हाला वरती ऐकू येतं. एकदा विचारलं, मावशी, एवढ्या आवाजात झोप लागते का हो तुम्हाला? तर म्हणाल्या, "झोप कुणाला पायजे, पाठीला जमीन लागली की झालं."

मावशींना हे जमतं कारण गाडी त्यांची, मालकीण त्याच. नोकरीवाल्यांचं तसं नाही, आपल्याला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून मला एसटीचा कंडक्टर फार आवडतो. मधल्या स्टँडला गाडी लागली की दारातूनच ओरडतो, "गाडी दहा मिनिटं थांबेल!" संपला विषय. गाडीत कुणाला लग्नाला पोचायचं असतं, कुणाची कोर्टात तारीख असते, पण त्या दहा मिनिटांबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. कंडक्टर कागद घेऊन कंट्रोलरच्या खिडकीकडे, ड्रायव्हर कँटीनकडे, अर्धी गाडी बाथरूमकडे, आणि एक आजी सीटवर बसून निम्म्या गाडीच्या पिशव्या राखतात. ती दहा मिनिटं कधी दहा नसतात ही गोष्ट वेगळी. पण मोठ्याने जाहीर झाल्यामुळे कुणालाही चोरट्यासारखं वाटत नाही, चहा घशाखाली नीट उतरतो.

आणि थांबायचं कधी यातही आपलं गणित उलटं असतं. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या कितीतरी गाड्या कर्जतला थांबतात, तिथे मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं जोडतात, कारण पुढे बोरघाट, ३७ फुटांना एक फूट असा चढ. जोडाजोडी होईपर्यंत प्लॅटफॉर्मवर वडे खाऊन होतात. इंजिन दमलं म्हणून ती गाडी थांबलेली नसते, चढ पुढे आहे म्हणून थांबलेली असते. माउलींच्या पालखीचंही तेच. पुण्याहून सासवडची वाटचाल म्हणजे सगळ्यात लांबच्या टप्प्यांपैकी एक, त्यात दिवे घाट, आणि घाटाच्या अलीकडे वडकीला दुपारचा विसावा. वारीच्या वेळापत्रकात मुक्कामासारखे विसावेही छापलेले असतात. लाखभर माणसं चालायला निघालेली, पंढरपूर अजून कुठल्या कुठे, तरी घाट एकदाचा चढू आणि मग बसू असं कुणी म्हणत नाही. आपण मात्र डोकं ठणकायला लागलं, टॅली दोनशे रुपयांनी जुळेना झाली, शेजारच्यावर उगाच खेकसून झालं की मग म्हणतो, चला चहा मारू. तेव्हा चहा काय करणार हो, तो काय क्रोसिन आहे?

आता थोडं इतिहासात जाते, कंटाळा आला तर पुढचा पॅरा गाळा. १८८४ साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी होती हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच अर्जात दुपारी अर्धा तास सुट्टी द्या अशीही मागणी होती. अर्धा तास, फक्त. त्यासाठी हजारो माणसांनी नाव घालून मागणं करायचं म्हणजे सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या खात्यांत काय चालत असेल याचा अंदाज येतो. रविवार मिळाला १८९० मध्ये, आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात दुपारच्या अर्ध्या तासालाही जागा मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्यात तर स्पष्टच लिहिलं गेलं की निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय सलग पाच तासांच्या वर काम करून घ्यायचं नाही. आणि आम्ही एसीत बसून, कुणी मागितलेला नसताना, कीबोर्डच्या बाजूला डबा उघडून तो अर्धा तास साहेबांना परत करतो. वर माउसला भाजीचं तेल लागतं ते वेगळंच.

घरात तर कायदाही नाही. पण आमच्या सासूबाईंनी स्वतःपुरता काढलाय. दुपारी ओटा आवरला की चष्मा, पेन आणि पेपरातलं शब्दकोडं घेऊन त्या खाटेवर बसतात आणि जाहीर करतात, "कोडं सुटेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही." कुरिअरवाला येवो, इस्त्रीवाला येवो, दार दुसऱ्याने उघडायचं. माझा पक्का संशय आहे की आडवे सात त्यांना पहिल्या मिनिटाला सुटलेलं असतं आणि त्या ते मुद्दाम मोकळं ठेवतात. मी एकदा उत्तर सुचवायला गेले तर अशा काही बघितलं त्यांनी की पुन्हा त्या भानगडीत पडले नाही.

तर यंदा ऑफिसात आम्ही कंडक्टर नेमला. चहा आणणारा आमचा पोरगा, त्याचा आवाज तसाही दणदणीत. चार वाजले की तो दारात उभा राहून गाडी थांबल्याची घोषणा करतो आणि सगळ्यांनी गच्चीवर जायचं, फोन टेबलावर ठेवून. पहिल्या आठवड्यात वर जाऊनसुद्धा सगळे टीडीएसवरच बोलत होते, म्हणून नियम केला की कामाचा शब्द काढेल त्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. तेव्हापासून टपरीचा हिशोब जवळजवळ पूर्ण सरांच्या खात्यावर आहे. ते बिचारे कसोशीने प्रयत्न करतात, पावसावर बोलतात, समोरच्या बिल्डिंगीच्या रंगावर बोलतात, मधेच गप्प बसून कठड्यावर बोटं वाजवतात, आणि मग हळूच, "नाही, सहज विचारतो, त्या केटरिंगवाल्यांचं बँक स्टेटमेंट..."

"सर, सहा कटिंग. आणि आज क्रीमरोलपण."