सिवनी ते नागपूर: गटाने सायकल चालवण्याचा एक दिवस

श्रीनगर ते कन्याकुमारी या आमच्या सायकल प्रवासात याहून लांब आणि चढाचे टप्पे होते. तरीही गटाने सायकल चालवणे म्हणजे काय, हे मला सिवनी-नागपूर टप्प्यात खऱ्या अर्थाने समजले. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे हे अंतर सुमारे १२५ किलोमीटर आहे, नागपूर सिवनीपेक्षा सुमारे ३०० मीटर खाली आहे आणि हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून, म्हणजे पाठीमागूनच येतो. श्रम कमी होते. कस लागणार होता तो सर्वांनी एकत्र राहण्याचा.

पोहे-जिलबीचा नाश्ता करून पूर्ण उजाडल्यावरच निघालो, कारण पुढे जंगल होते आणि धुके होते. सर्वांत पुढे वाट दाखवणारा, सर्वांत मागे कोणालाही मागे न सोडणारा आणि मध्ये एकेरी रांग, अशी रचना होती. गटातील सर्वांत ज्येष्ठ काकांची जागा पुढच्या स्वाराच्या लगेच मागे ठेवली होती. त्यामुळे वेग त्यांच्या बेताने ठरत असे आणि वाऱ्याचा त्रासही त्यांना कमी होई. दमलेल्या माणसाला शेवटी ठेवले, तर पुढचे लोक नकळत वेग वाढवतात आणि अंतर वाढत जाते.

कुरईच्या घाटात आम्ही दोन सायकलींमधले अंतर मुद्दाम वाढवले. ब्रेक सतत दाबून न ठेवता वळणाआधीच वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेकला हात लावायचा नाही, हे पुन्हा पुन्हा मागे ओरडून सांगितले जात होते.

या परिसरातला रस्ता कान्हा आणि पेंचमधल्या वाघांच्या भ्रमणमार्गावरून जातो. त्यामुळे त्याचे चौपदरीकरण बरीच वर्षे वादात राहिले आणि अखेर वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता जागोजागी खांबांवर उचलण्यात आला. महाराष्ट्राच्या हद्दीत अशी ९ बांधकामे असून त्यांखालून वाघ गेल्याच्या नोंदी कॅमेऱ्यांत मिळाल्या आहेत. विकास आणि जंगल यांच्यात निघालेला इतका समंजस मार्ग मी क्वचितच पाहिला आहे. अर्थात सायकलस्वाराने या पुलांवर थांबू नये, म्हणून पाणी पिणे, जॅकेट काढणे ही कामे आम्ही त्याआधीच उरकत होतो.

खवासा ओलांडून महाराष्ट्रात आल्यावर देवलापारच्या अलीकडे एका सायकलचे मागचे चाक बसले. महामार्गावर पंक्चरचे कारण बहुतेक वेळा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार असते. ती डोळ्यांना दिसत नाही. टायरच्या आतून कापड हलकेच फिरवले, की धागा अडकतो आणि जागा सापडते. तार न काढता नवी ट्यूब घातली, तर तीही थोड्याच वेळात जाते. दोघे चाकाशी बसले, एकजण मागे उभा राहून वाहनांना हात दाखवत राहिला आणि बाकीचे रस्त्यापासून दूर जाऊन थांबले. काकांनी तेवढ्यात सर्वांना मीठ-साखरेचे पाणी प्यायला लावले.

मानसरनंतर रहदारी दाट झाली आणि विरुद्ध दिशेने येणाऱ्या मोटारसायकलींमुळे कडेचा पट्टाही सुरक्षित राहिला नाही. कन्हान नदीच्या पुलाआधी सर्वांना एकत्र करून, शहरात कोणी चुकल्यास कुठे थांबायचे ते ठरवले. नागपुरात पोहोचल्यावर आंघोळीआधी साखळ्या पुसून तेल दिले आणि सर्व टायर आतून-बाहेरून तपासले, कारण सकाळी बुटीबोरीमार्गे हिंगणघाटकडे निघायचे होते.