साखळीचे जुने फोटो आणि एका लुगड्याची साक्ष

त्रिपुरारी पौर्णिमेला गोव्यातल्या आमच्या साखळीत, विठ्ठलापुरात, वाळवंटी नदीच्या काठावर नौका सोडतात. त्या रात्री रोषणाई बघायला गाव लोटतो, तेव्हा जुन्या साखळीचे फोटो मांडायचे असं आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं. मला वाटलं, घरोघर फिरायचं, फोटो गोळा करायचे, मोठे करून लावायचे. महिनाभराचं काम. प्रत्यक्षात पावसाळ्याआधी सुरुवात केली आणि दिवाळी आली तरी मी कुणाच्या तरी ओसरीवर बसलेलोच होतो.

पहिला धडा: फोटो कुणी देत नाही. चहा देतात, आंबोळी देतात, फोटो नाही. एका घरात तर काकींनी अल्बम मांडीवरून खाली ठेवलाच नाही, पानं त्याच उलटत राहिल्या. मागे कुणीतरी "स्मरणिकेसाठी" म्हणून नेलेला त्यांच्या सासऱ्यांचा फोटो परत आला नव्हता. चूक त्यांची कशी म्हणणार? मग मी स्कॅनर आणि लॅपटॉप स्कूटरवर बांधून लोकांच्या घरीच जायला लागलो. 600 डीपीआयवर एकेक फोटो, मूळ फाइल टिफमध्ये, आणि फोटो त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. लाइट गेली की पुन्हा चहा.

दुसरा धडा मला महागात पडला. एका जुन्या घरातली काचेची फ्रेम मी मोठ्या उत्साहाने उघडली. आपल्याकडच्या दमट हवेत फोटो काचेला चिकटून बसतो, हे ठाऊक नव्हतं. ओढला, आणि धोतर-कोटातल्या त्या गृहस्थांचं अर्धं कपाळ काचेवरच राहिलं. त्यांचा नातू शेजारी उभा होता. "असू दे, भाई," म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता. असा फोटो काचेसकट स्कॅन करायचा असतो, ओढायचा नसतो, हे मला नंतर एका जाणकाराने सांगितलं. त्यानेच ओल्या फडक्यापासूनही वाचवलं. बुरशी लागलेल्या फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने विरघळू शकतो, आणि मी तर डाग पुसायला फडकं घेऊनच बसलो होतो! तेव्हापासून फक्त मऊ, कोरडा ब्रश. आणि मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लोकांनी प्रेमाने लिहिलेली नावं अशीच चेहऱ्यांवर उठलेली मी पाहिली.

खरा पेच तारखांचा. म्हाताऱ्या माणसांना विचारलं की सगळं "मुक्तीच्या आधी" नाहीतर "मुक्तीनंतर". मुक्ती म्हणजे 1961 साली गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला ती. म्हणून फोटोतच खुणा शोधायची सवय लागली. कारेरच्या, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी बसच्या, नंबरपाटीवर जीडीने सुरू होणारी अक्षरं दिसली तर फोटो 1961 नंतरचा, आणि जीए यायच्या आधीचा. मागे फिकट निळसर "वेलॉक्स" छापलेलं असलं तर कोडॅकचा जुना कागद. बाजारातल्या एका फोटोत मागच्या भिंतीवर रंगवलेलं फूल होतं. सगळे म्हणाले, 1963 ची पहिली निवडणूक. पण त्या निवडणुकीत मगोची, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची, निशाणी सिंह होती. फूल आणि दोन पानं आली ती 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश, केंद्रशासित. हे मी बोललो मात्र, ओसरीवरचे दोन मामा एकमेकांवर असे तुटून पडले की मतदान उद्याच आहे! एक फुलाचे, एक पानांचे. त्या दिवशी स्कॅनिंग झालं नाही.

पण सगळ्यात अडलं ते एका नाटकाच्या फोटोवर. आपल्याकडे देवळाचा उत्सव म्हणजे नाटक आलंच. अकरा जण ओळीने उभे, मागे रंगवलेला पडदा, तोंडं सफेद्याने सपाट. मिशा चिकटवलेल्या, फेट्यांखाली कानसुद्धा दिसत नाहीत. स्त्री भूमिकेतला एक नट मधोमध, डोक्यावर पदर, हात छातीशी जोडलेले. पाच घरी दाखवला. प्रत्येक घराने मधला नट आपलाच म्हणून सांगितला. एका घराने तर दोन पिढ्यांचे दोन वेगळे आजोबा सांगितले.

सहाव्या घरी ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. अंगठा पदरावर ठेवला आणि म्हणाल्या, "हें लुगडें म्हजें."

काठावरच्या रुईफुलांवरून त्यांनी ओळखलं. लग्नात वडिलांनी बेळगावहून आणलेलं लुगडं. 1955 च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रह झाला आणि भारताने गोव्याची हद्द बंद केली. त्यांचं लग्न त्याच्या आदल्या वर्षीचं, नाहीतर बेळगावचं लुगडं अंगाला लागलंच नसतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी काल्याच्या नाटकाला म्हणून ते कुणी मागून नेलं, हे त्यांना पक्कं आठवत होतं. नवऱ्याच्या चुलतभावाने. नाव सांगताना अजून राग होता. परत आणलं तेव्हा पदराला तोंडाचा रंग लागलेला, आणि सासूबाई मात्र हिलाच बोलल्या.

माणूस ठरला, वर्षही ठरलं, तेही एका डागावरून. आधीच्या पाच घरांना हे कसं सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

आजींना फोटोची मोठी प्रत नेऊन दिली. बराच वेळ बघून म्हणाल्या, काठ दिसतो, पण रंग कुठे आहे? काळ्या-पांढऱ्यात तो येणार कसा? मी पेन्सिल काढली, प्रत उलटी केली आणि त्या सांगत गेल्या तसं मागे लिहिलं: लुगडं हिरवं. काठ लाल. पदर धुवूनही डाग गेला नाही.