न हलणारं टेबल : एअर रायफलसाठी घरातली कामाची जागा

वजनकाट्यावरचा तिसरा दशांश स्थिर होत नव्हता. जेवणाच्या टेबलावर काटा ठेवला, एक पेलेट (एअर रायफलची शिशाची बारीक गोळी) वजन केला, आकडा आला ०.५३४ ग्रॅम. टेबलाच्या कडेला कोपर टेकलं की ०.५३७. तोच पेलेट, तोच काटा. मी नवी मुंबईत, महापे इथल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. तिथे मोजमापाचं यंत्र हलणाऱ्या टेबलावर ठेवायचा विचारही कुणी करत नाही. घरी मात्र ज्यावर पोळी-भाजी वाढायची त्याच टेबलावर रायफल साफ करायची, पेलेट निवडायचे आणि परत सगळं उचलून कपाटात कोंबायचं, असं चाललं होतं. म्हणून कामासाठी वेगळं, पक्कं टेबल करायचं ठरवलं.

माझी मुलगी आणि मी दोघीही दहा मीटर एअर रायफल खेळतो. पनवेलला नेमबाज सुमा शिरूर यांनी लक्ष्य हा नेमबाजी क्लब उभा केला आणि आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत हा खेळ पोचला. २००४ मध्ये क्वालालंपूरला त्यांनी ४०० पैकी ४०० केले होते, तेव्हा गुण पूर्णांकांत मोजत. आता पात्रता फेरीतही दशांश धरतात. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे साठ शॉटचे ६५४. लक्ष्याच्या मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. अशा खेळात रायफलचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पेलेट आपण नीट पाहिलाय याची खात्री लागते आणि ती खात्री घाईगर्दीच्या टेबलावर मिळत नाही.

टेबल कसं असावं याची बरीच समज मला अमेरिकी नेमबाजांच्या बेंचवरून, म्हणजे कामाच्या टेबलांवरून आली. तिकडे अनेक जण घरीच काडतुसं भरतात. त्यासाठी लोखंडी प्रेस टेबलाच्या पुढच्या कडेला बसवलेला असतो आणि त्याचा लांब दांडा जोरात खाली ओढावा लागतो. दर ओढीला टेबलाची पुढची कड दबते, मागचे पाय उचलले जाऊ पाहतात, सांधे पिळवटतात. असं वर्षानुवर्षं सोसणारं बेंच बघितलं की मजबुती कुठून येते ते कळतं. आपल्याकडे हा छंद घरी करण्यासारखा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायलाही परवाना लागतो. आमच्या एअर रायफलमध्ये मुळात दारू नाही की काडतूस नाही. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा पेलेट दाबलेल्या हवेने सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो, एवढंच. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या अशा रायफलला परवानाही लागत नाही. पण बेंच बांधण्याचं त्यांचं तंत्र मला पूर्ण उपयोगी पडलं.

नेरूळमधलं आमचं घर सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतीत आहे, लिफ्ट नाही. त्यामुळे पहिली अट ठरली : टेबल सुटं वर नेता यावं आणि कधी घर बदललं तर सुटं खाली आणता यावं. खोलीच्या भिंतीलगत जागा होती पाच फूट बाय दोन फूट. उंची ठरवायला मी उभी राहून कोपर वाकवलं आणि त्याच्या चार इंच खाली पेन्सिलने भिंतीवर रेघ मारली. ती आली चौतीस इंचांवर. उभ्याने रायफलचं काम आणि उंच स्टुलावर बसून पेलेटचं काम, दोन्ही त्या उंचीवर जमतं.

लाकडासाठी बाबांना सोबत घेतलं. त्यांना लाकडाची पारख आहे. हार्बर लाइनने थेट रे रोड. तिथल्या एका वखारीत जुन्या इमारतींतून निघालेलं सागवान रचून ठेवलेलं होतं. नवीन लाकडापेक्षा हे मला जास्त आवडतं. कितीतरी पावसाळे बघून ते पूर्ण सुकलेलं असतं, नंतर वाकत-पिळत नाही. बाबा प्रत्येक तुळईचं टोक बघत होते. गाभ्याबाहेरचा पांढरट भाग जास्त असेल तर ती बाजूला, कारण कीड आधी तिथेच लागते. मी लोहचुंबक नेलं होतं. जुन्या लाकडात मोडलेले खिळे लपलेले असतात आणि त्यावर करवत गेली की पातं जातं. पायांना तीन बाय तीन इंच आणि आडव्या पट्ट्यांना तीन बाय दोन असा हिशेब केला, तो दोन घनफुटांच्या आत बसला. वखारवाल्यांना आधी वाटलं आम्हाला देव्हारा करायचाय.

आता मुख्य गोष्ट. टेबल पक्कं करायचं म्हटलं की सगळे वरची फळी जाड करायला सांगतात. आमच्या सुतारकाकांनीही तेच सांगितलं : "ताई, वर दोन इंची फळी टाका, हत्ती उभा राहील." हत्ती उभा राहिला तरी टेबल बाजूला डुलायचं थांबणार नव्हतं. वरून येणारं वजन पेलणं सोपं असतं. टेबल हलतं ते आडव्या रेट्याने. चार पाय आणि चार पट्ट्यांची चौकट बाजूने रेटली की तिचा समांतरभुज चौकोन होऊ पाहतो आणि सगळा ताण कोपऱ्यांच्या सांध्यांवर येतो. सांधे सैल पडत जातात, टेबल वर्षागणिक जास्त डुलतं. त्रिकोणाला मात्र आकार बदलता येत नाही. म्हणून एकतर तिरपे आधार द्यायचे, नाहीतर चौकटीला अखंड प्लायची पाठ ठोकायची. अखंड पाठीत असे त्रिकोण आपोआप येतात.

मी पाठ निवडली. मागे पूर्ण लांबीची १२ मिलिमीटरची प्लाय आणि दोन्ही बाजूंनाही पॅनेल, म्हणजे पुढेमागे आणि डावीउजवीकडे दोन्ही दिशांना रेटा अडतो. पुढची बाजू गुडघ्यांसाठी आणि खणांसाठी मोकळी. सुतारकाकांना हे पटवायला मी त्यांच्याच चार पट्ट्या घेऊन जमिनीवर चौकट केली, कोपऱ्यांत एकेक खिळा मारला आणि त्यांच्या हातात दिली. ती कात्रीसारखी उघडमीट करत होती. मग तिच्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा चारही बाजूंनी खिळवला आणि पुन्हा दिली. त्यांनी दोनदा रेटून बघितली, खाली ठेवली आणि म्हणाले, "पाठीची प्लाय मीच आणतो, तुम्हाला भलती देतील." तिथून पुढे ते या टेबलात माझ्याइतकेच गुंतले.

वरच्या फळीसाठी १९ मिलिमीटरची बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारी प्लाय घेतली, आयएस ७१० चा शिक्का बघून. आठ बाय चारच्या एका शीटमधून पाच बाय दोनचे दोन तुकडे निघतात आणि उरलेल्या चार बाय तीनमधून दोन्ही बाजूंचे पॅनेल. वाया जवळजवळ काहीच जात नाही. दोन तुकडे फेविकॉलने एकमेकांवर चिकटवून, खालून स्क्रू मारून रात्रभर वजनाखाली ठेवले. ३८ मिलिमीटरची एकसंध फळी झाली. वर पांढरट सनमायका, म्हणजे करडा पेलेट लगेच दिसतो. तिन्ही मोकळ्या कडांना सागाची पट्टी लावली, पृष्ठभागापेक्षा जरा वर आलेली. पेलेट घरंगळून खाली पडला तर त्याची मागची पातळ कड दबते आणि तो वापरण्यासारखा राहत नाही.

सांध्यांना खाच पाडून आडव्या पट्ट्यांची टोकं पायांत बसवली आणि आरपार १० मिलिमीटरचे बोल्ट, दोन्हीकडे मोठे वॉशर. चौकटीत कुठेही फेविकॉल नाही. भार खाचेवर येतो, बोल्ट फक्त आवळून धरतो. शेवटी टेबल भिंतीला दोन ठिकाणी फास्टनर (भिंतीत घट्ट बसणारे बोल्ट) मारून पक्कं केलं. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिल बंद असतं. खालच्या काकूंना मी आदल्या दिवशी सांगून आले होते, त्यांनी उलट चहा पाठवला. आमच्या भिंती विटांच्या आहेत, म्हणून भोक विटेच्या मधोमध पाडलं, सांध्यात नाही. नवीन इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे साधा फास्टनर धरत नाही, केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट लागतो.

एवढं करूनही काट्याचं एक दुखणं राहिलं होतं. रुळांवरून लोकल गेली की जमिनीतून बारीक थरथर येते आणि ती कुठलंच टेबल अडवत नाही. त्यावर उपाय स्वस्तात मिळाला. स्वयंपाकाच्या ओट्यांचं काम करणाऱ्या दुकानातून ग्रॅनाइटचा एक फूट चौरस उरलेला तुकडा आणला, पाचेक किलोचा. त्याच्याखाली चार कोपऱ्यांत रबराचे जाड तुकडे आणि वर काटा. जड दगड आणि मऊ रबर मिळून बारीक थरथर गिळून टाकतात, प्रयोगशाळेतही काटे दगडाच्या ओट्यावर असतात ते यासाठीच. काट्याचा बुडबुडा मध्यावर आणायचा, अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा आणि पंखा बंद. वाऱ्याची झुळूकही तिसऱ्या दशांशाला पुरते.

वजन करून पेलेट वेगळे काढण्याने गुण किती वाढतात, हे मला अनेक जण विचारतात. माझं मत असं की एकाच लॉटचे (एकाच वेळी बनलेले), आपल्या नळीला मानवणारे पेलेट घेणं जास्त महत्त्वाचं. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९ मिलिमीटर की ४.५० हा फरक नळीवर बघूनच ठरवावा लागतो. पण डब्यातला प्रत्येक पेलेट भिंगाखालून गेला की दबलेली कड, चिकटलेला कीस, पांढरी बुरशीसारखी पूड लगेच सापडते. हे काम शांतपणे करता यावं म्हणूनच तर टेबल.

आता शिशाबद्दल, आणि हे मी सगळ्यात आधी मुलीला शिकवलं. पेलेट शिशाचे असतात आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानत नाहीत. म्हणून टेबलाचे दोन भाग केले. डावीकडचा शिशाचा : पेलेट, ट्रे, काटा, चिमटे. उजवीकडचा स्वच्छ : डायोप्टर (नेम धरायची रायफलची मागची साइट), हत्यारं, नोंदवही. डावीकडून उजवीकडे यायचं तर आधी हात पुसायचे. टेबलावर खाणं-पिणं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. झाडू किंवा कोरडं फडकं नाही, त्याने धूळ उडते. ओल्या कागदाने पुसायचं आणि तो बंद पिशवीत टाकायचा. उठल्यावर साबणाने हात धुवायचे, मगच स्वयंपाकघरात पाऊल. जेवणाच्या टेबलावरून हे काम हलवण्याचं माझ्यासाठी हेच सर्वांत मोठं कारण होतं.

खण उथळ ठेवले, तीन इंचांचे. खोल खणात वस्तू एकमेकींवर पडतात आणि हवी ती नेहमी तळाशी असते. टेलिस्कोपिक चॅनेल लावले, म्हणजे खण पूर्ण बाहेर येतो. सर्वांत वरच्या खणात ॲलन की आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर (ठरावीक जोरानेच स्क्रू आवळणारा), फोममध्ये प्रत्येकाच्या आकाराची खाच कापून. एखादी खाच रिकामी दिसली की हत्यार कुठेतरी राहिलंय हे नजरेलाच कळतं. दुसऱ्यात नळी साफ करायचे फेल्ट (लोकरी नमद्याचे बोळे), दोरी, तेल. खालच्या फळीवर हवा भरायचा मोठा सिलिंडर, पट्ट्याने पायाला बांधलेला. त्याच्या वजनाने टेबल आणखी बसलं. रायफलच्या छोट्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि आयुष्य दहा वर्षांचं. त्या तारखा मी खणाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवल्यात. रायफल टेबलावर उघडी राहत नाही, ती कुलपाच्या कपाटातच. बाहेर काढली की आधी नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), मग बाकी सगळं.

दिव्याची जागा नीट विचार करून ठरवली. खोलीची ट्यूब पाठीमागे होती, त्यामुळे हाताची सावली नेमकी कामावर पडायची. टेबलाच्या वर, माझ्या समोरच्या बाजूला एलईडी पट्टी लावली आणि सावली गेली.

नेरूळचा पावसाळा मात्र दरवर्षी नव्याने सांभाळावा लागतो. खाडी जवळ, हवेत मीठ आणि ओल. कपाटात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय आणि सिलिका जेलच्या पिशव्या. निळी नको, तिच्यात कोबाल्ट असतं. केशरी घ्यावी, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येते. रायफलला हात लागला की पोलादी भागावरून तेलाचं फडकं फिरवायचं. घामाचे ठसे गंजायला त्या दिवसांत एक रात्र पुरते.

पावसाळा सरला की लाकूड किंचित आकसतं आणि बोल्ट सैल होतात. ते आवळायला आम्ही खंडेनवमी ठरवली आहे. पूजेसाठी टेबल रिकामं करावंच लागतं, तेव्हा मुलगी पाना घेऊन एकेक बोल्ट तपासते आणि भिंतीचे दोन फास्टनर मी बघते. पुढच्या वेळी उजव्या बाजूला व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) बसवायचा आहे, जबड्यांना फेल्ट लावून. त्यासाठी बोल्ट फळीतून आरपार घेऊन खाली लोखंडी पट्टी द्यायला सुतारकाकांनी आत्ताच सांगून ठेवलंय.