तुम्ही विचारलंत म्हणून: सोमवारी पण पहिल्या सेल्फला सुरू झाली पाहिजे

प्रश्न साधारण असा असतो: "ऑटोक्रॉस सुरू करायचंय, पण दोन गाड्या ठेवणं परवडत नाही, त्यामुळे एकच सेकंडहँड घेणार, रोज कामावर पण तीच आणि सुट्टीच्या दिवशी मैदानात पण तीच, बजेट बेताचं आहे, कोणती घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन-तीन मॉडेल आधीच बसलेली असतात आणि कुणाची किती हॉर्सपॉवर ते तोंडपाठ असतं. मी उलट एवढंच विचारते, की त्यातली एखादी प्रत्यक्ष जाऊन बघितली का? खाली वाकून?

ज्यांना हा खेळ अजून नीट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या मोकळ्या डांबरी किंवा काँक्रीटच्या मैदानावर प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून वळणावळणाचा कोर्स आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात, शर्यत फक्त घड्याळाशी. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढवतात, बऱ्याच ठिकाणी एका कोनला 2 सेकंद. एक फेरी मिनिटभराच्या आतबाहेर, दिवसाला चार ते सहा फेऱ्या, वेग क्वचितच ताशी 100 किलोमीटरच्या वर जातो आणि जवळजवळ अख्खी फेरी दुसऱ्या गियरमध्ये होते. आता हिशोब करा. सहा फेऱ्या म्हणजे सहा मिनिटं. महिन्यातून एक इव्हेंट धरला तर गाडी महिन्याला सहा मिनिटं कोनमध्ये आणि उरलेला सगळा महिना सिग्नलवर, पार्किंगमध्ये, पावसात, थंडीत. म्हणून माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे, जी गाडी सोमवारी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होईल ती घ्या, आधी तब्येत बघा, ताकदीचं नंतर बघू.

यावर लगेच विचारतात की मग कमी ताकदीची गाडी मागे नाही का पडणार. नाही पडत, निदान पहिली दोन-तीन वर्षं तरी नाही. कोर्सवर लांब सरळ भाग जवळजवळ नसतोच, तीन-चार सेकंद ॲक्सिलेटर दाबला की आलं पुढचं वळण, ब्रेक. जास्तीची ताकद वापरायला जागाच मिळत नाही, पण जास्तीचं वजन मात्र प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला नडतं. माझ्या दुसऱ्याच इव्हेंटला एका जुन्या खेळाडूने माझ्या गाडीत एक फेरी मारून बघू का विचारलं, मी म्हटलं मारा, आणि बाजूच्या सीटवर बसले. तीच गाडी, तेच टायर, टाकीत तेवढंच पेट्रोल, आणि माझ्या सगळ्यात चांगल्या वेळेपेक्षा साडेतीन सेकंद कमी. मी त्याच्याकडेच बघत होते. हात एकदम शांत, आणि नजर समोरच्या कोनवर नाहीच, त्याच्या पुढच्याच्या पुढच्या कोनवर. गाडीला ज्या वळणात मी दोनदा ब्रेक मारायचे तिथे त्याने एकदा मारला आणि सोडून दिला. ते साडेतीन सेकंद इंजिनवर पैसे घालून मिळवायचे म्हटलं असतं तर माझं सगळं बजेट गेलं असतं, आणि तरी मिळाले नसते.

आता नावं. माझदा एमएक्स-5, म्हणजेच मियाटा, हे पहिलं नाव मी पण घेते. 1989 मध्ये आली, सुरुवातीला 1.6 चं इंजिन, हॉर्सपॉवर सव्वाशेच्या आतच, पण वजन टनाच्या आसपास, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि चारी बाजूंना डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे वळणात टायर जमिनीवर सपाट टेकून राहतो. 1998 ची दुसरी पिढी पण त्याच वळणाची. पार्ट मिळतात, छोटे टायर लागतात, काम करायला सोपी. पण सीट दोनच, डिकी लहान, आणि उंच माणसाचं डोकं हेल्मेट घातल्यावर छताला लागतं, त्यामुळे बघायला जाताना हेल्मेट घेऊन जा आणि घालून बसा. उघड्या गाडीला रोलबार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची दांडी) हवाच असा काही ठिकाणी नियम असतो तो आधी विचारून घ्या. आणि या गाडीचा खरा शत्रू गंज. कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी निचरायला भोकं असतात, ती पालापाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या पत्र्यात शिरतं आणि पत्रा आतून कुजत जातो, वरून रंग छान दिसतो. बाटलीभर पाणी न्या, मालकाला विचारून त्या कोपऱ्यात हळूहळू ओता, मागच्या चाकाच्या थोडं पुढे खालून टपटप पडलं तर बरं, नाहीच पडलं तर पाणी कुठे जातंय ते तुम्हाला कळलं.

2012 मध्ये आलेली टोयोटा 86 आणि तिची जुळी सुबारू बीआरझेड पण आता सेकंडहँड भरपूर दिसतात. 2 लिटरचं इंजिन, 200 च्या आसपास हॉर्सपॉवर, आणि मागची सीट पाडली की चार टायर आत मावतात, हे सोयीचं आहे, कारण पुढे कधी वेगळा सेट घेतलात तर तो न्यायचा कशात हा प्रश्न येतोच. एमएक्स-5 पेक्षा जड आहे, आणि बजेट खरंच बेताचं असेल तर या गाडीसाठी ताणू नका.

फ्रंट व्हील ड्राइव्हला कमी लेखू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. माझी स्वतःची स्विफ्ट स्पोर्ट आहे, 1.6 वाली, 125 हॉर्सपॉवर, वजन टनाच्या थोडं वर, चार माणसं बसतात, सामान बसतं, आणि कोनमध्ये मागचं आतलं चाक उचलून वळते तेव्हा काय आनंद होतो ते सांगता येत नाही. 2006 ते 2011 ची होंडा सिव्हिक एसआय पण फार चांगली, 8000 आरपीएमपर्यंत इंजिन फिरतं आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल कंपनीचाच असतो, म्हणजे वळणातून बाहेर पडताना आतलं चाक नुसतं गरगर फिरत नाही. फक्त तिसरा गियर जोरात रेस करून टाकून बघा, खरखर आली तर सिंक्रो (गियर अलगद जुळवणारी कडी) गेलाय, गियरबॉक्स उघडावा लागेल. 2013 नंतरची फोर्ड फिएस्टा एसटी पण याच रांगेतली. बीएमडब्ल्यूची ई36 आणि ई46 (3 सिरीजच्या दोन जुन्या पिढ्या) चालवायला सुंदर, पण कूलिंगचे प्लास्टिकचे भाग वयाने तडकतात आणि ई46 ला मागचा सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बोल्टने बसतो तिथल्या पत्र्याला तडे जातात, तेव्हा लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. टर्बो आणि वर चारही चाकांना ताकद, अशा दोन्ही गोष्टी असलेल्या गाड्या बेताच्या बजेटमध्ये मी सुचवत नाही, एक टायर फुटला तरी झीज जुळवायला बरेचदा चारही बदलावे लागतात. आणि उंच गाडी घेऊन जाणार असाल तर थांबा, उंची रुंदीपेक्षा जास्त असलेल्या गाड्यांना उलटण्याच्या भीतीने बहुतेक ठिकाणी सोडतच नाहीत.

पण खरं सांगायचं तर मॉडेल ठरवायला मी कुणालाही एक संध्याकाळ देते आणि गाडी तपासायला दोन महिने. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत जेवढा फरक असतो तेवढा दोन मॉडेलमध्ये नसतो.

बघायला जाताना आधीच सांगा की इंजिन थंड पाहिजे, सुरू करून ठेवू नका. मी एकदा एक गाडी बघायला गेले, चकाचक पॉलिश, टायर काळेकुळकुळीत, आणि बॉनेटवर हात ठेवला तर गरम. आत्ताच पार्किंगमधून काढली म्हणाले. मी म्हटलं हरकत नाही, थांबते, आणि खरंच दोन-अडीच तास थांबले. मग सेल्फ मारला तर मागून निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनवर तो दिसला नसता. ऑइलचं झाकण काढून आतून बघितलं, तिथेही जाड काळी साय. मी आभार मानून निघाले. त्यानंतर जी घेतली ती दिसायला अगदी साधी, बंपरवर खड्यांचे टवके, सीटचं कापड एका बाजूला विरलेलं, पण मालकाने न मागता एक फुगलेलं पाकीट पुढे केलं, त्यात प्रत्येक ऑइल चेंजचं बिल, किलोमीटर लिहिलेलं, ब्रेक पॅड कधी, कूलंट कधी, बॅटरी कधी. ते पाकीट बघून मी अर्धी तयार झाले होते.

तरी तपासलं सगळं. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर आणि खाली धरून हलवायचं, खटखट झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, मग डावी-उजवीकडे धरून हलवायचं, तिथे ढिलं लागलं तर टायरॉड. टायरवर हात आतल्या कडेने फिरवा, बाहेरून नवा दिसणारा टायर आतून गुळगुळीत झालेला असतो, म्हणजे अलाइनमेंट गेलंय किंवा काहीतरी वाकलंय. टायरवर चार आकड्यांचा कोड असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा, जुना टायर कितीही नक्षी उरली असली तरी कडक होतो आणि पकड सोडतो. बॉनेटचे आणि फेंडरचे बोल्ट बघा, डोक्यावरचा रंग खरवडलेला असेल तर तो पत्रा कधीतरी उतरवलाय, का ते विचारा. चालवताना कमी वेगात वरचा गियर टाकून ॲक्सिलेटर पूर्ण दाबा, आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच प्लेट संपलीय. शेवटी मेकॅनिककडून कंप्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलेंडर किती दाब धरतो ते मोजणं) करून घ्या, सगळ्या सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत, 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला की मी परत फिरते. मालक टेस्टला नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे.

लोक घाबरतात की आधी ऑटोक्रॉसला वापरलेली गाडी नको. मी तर शोधून घेईन, बिलं असतील तर. सहा मिनिटांनी गाडी मरत नाही, आणि या खेळातली माणसं ऑइल वेळेवर बदलतात. मी लांब राहते ती स्प्रिंग कापलेल्या, नाव नसलेला टर्बो चढवलेल्या, वायरिंगला जागोजागी टेप गुंडाळलेल्या गाड्यांपासून. आणि यात नियमांचा पण भाग आहे. अमेरिकेतल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) स्ट्रीट वर्गाचं उदाहरण घ्या, तिथे शॉकअप बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यातला एक अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) बदलता येतो, ब्रेक पॅड आणि टायर बदलता येतात, टायरचं ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा त्यावर छापलेला आकडा, कमी आकडा म्हणजे लवकर झिजणारा) 200 किंवा वर हवं, आणि बाकी गाडी जवळजवळ कंपनीतून निघाली तशीच लागते. दुसऱ्याने हौसेने केलेला एखादा बदल तुमच्या गाडीला वरच्या वर्गात ढकलतो आणि तिथे समोर पूर्ण तयारीच्या गाड्या उभ्या असतात. तुम्ही जिथे खेळणार तिथली नियमावली गाडी घ्यायच्या आधी वाचा. विम्याच्या कागदात स्पर्धेबद्दल काय लिहिलंय तेही.

पैशांचं म्हणाल तर बजेटचा निदान चौथा हिस्सा गाडीत घालूच नका, हातात ठेवा. पहिल्या महिन्यात ऑइल, कूलंट, बेल्ट, आणि ब्रेक ऑइल हमखास बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, जुनं झालं की जोराच्या ब्रेकिंगला उकळतं आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं, रोजच्या चालवण्यात हे कधी कळतही नाही. उरलेले पैसे टायरला. पण लगेच नाही. गाडीवर आहेत ते टायर चांगल्या स्थितीत असतील तर पहिला सीझन त्यांच्यावरच काढा, ते पकड सुटायच्या आधी किंचाळून सांगतात आणि शिकताना ते ऐकायला येणं फार मोलाचं आहे. 200 ट्रेडवेअरचे टायर नंतर घ्या, ते झिजतात लवकर आणि थंडीत सकाळी रस्त्यावर जपून चालवावं लागतं, रोजची गाडी आहे हे विसरू नका.

एक खडू मात्र पहिल्या दिवसापासून खिशात ठेवा. टायरच्या बाहेरच्या कडेवर, जिथे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते, तिथे नक्षीवरून भिंतीवर उतरणारी खडूची रेघ ओढा, फेरी मारा, परत येऊन बघा. रेघ भिंतीवरून पुसली गेली असेल तर टायर वळणात खूप लवंडतोय, थोडी हवा वाढवा, नक्षीवरची पण तशीच उरली असेल तर हवा जास्त झाली, कमी करा. दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या गाडीचा आकडा सापडतो, तो वहीत लिहून ठेवा. मैदानातून निघायच्या आधी डिकीतली स्टेपनी, जॅक, पायाखालचं मॅटिंग, फेऱ्यांसाठी बाहेर काढलेलं असतं ते सगळं परत आत, चाकांचे नट टॉर्क पान्याने परत एकदा, आणि हवा परत रोजच्या आकड्यावर. मी हे शेवटचं दर वेळी मैदानातच करते, घरी पोचल्यावर नाही, कारण सकाळी आठला त्याच गाडीने निघायचं असतं.