नायगाऱ्याच्या अलीकडे

न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून आई-वडील आले, की त्यांचा जेट लॅग उतरायच्या आत नायगाऱ्याचा बेत ठरतो. नायगारा हा इथल्या कुलदैवतासारखा आहे. जाऊन आलं नाही, तर नातेवाईक विचारणार. जावं, जरूर जावं. माझं म्हणणं एवढंच, की वाटेत एक मुक्काम टाकावा.

आपल्याला ‘पॉइंट’ बघायची सवय आहे. महाबळेश्वरला केट्स पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, विल्सन पॉइंट. टॅक्सीवाला घड्याळ बघत उभा. उतरा, कठड्याला टेका, फोटो काढा, बसा गाडीत. नायगाराही असाच एक अवाढव्य पॉइंट. न्यू यॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागातली स्टेट पार्क्स, म्हणजे राज्य सरकारने राखलेली निसर्गोद्यानं, मात्र या हिशेबात बसत नाहीत. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी इथल्या दऱ्या खोल खरवडल्या, त्यांत लांबोडकी अकरा तळी साठली. बाजूचे ओढे मात्र उंचावरच राहिले. तेव्हापासून ते तळ्याकडे उतरायला कातळ कापत बसले आहेत.

इथल्या पार्क्सपैकी वॉटकिन्स ग्लेन, अशाच एका ओढ्याने कापलेल्या घळीचं, माझं लाडकं. सेनेका तळ्याच्या दक्षिण टोकाला, गावातल्या रस्त्याला लागूनच. गाडी लावली, की समोर दिसतो फक्त खडकात कोरलेला बोगदा. आईने विचारलंच, “एवढंच का?” पुढे दोन मैलांच्या आत ओढा चारशे फूट उतरतो आणि १९ धबधबे करतो. दोन ठिकाणी तर पायवाट पडत्या पाण्याच्या मागून जाते. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली आई तिथे पदर डोक्यावर घेऊन थांबली आणि म्हणाली, “शिवथरघळीत पावसाळ्यात असंच पाणी उडतं.” मग दगडाच्या भेगेतून ठिबकणाऱ्या शेवाळाला हात लावून बघितला. पाटी ‘पायवाट सोडू नका’ म्हणते, हात लावण्याबद्दल काही म्हणत नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. धबधब्यांपेक्षा त्यांचं लक्ष दगडी कठड्यांवर. वाटेत ८३२ पायऱ्या आहेत. १९३५ च्या पुराने जुनी वाट वाहून गेली, तेव्हा महामंदीत बेकार झालेल्या तरुण पोरांना सरकारने या कामाला लावलं. कठडे असे बांधले, की कुठे कातळ संपला आणि कुठे बांधकाम सुरू झालं ते पटकन कळू नये. बाबांनी सांध्यावरून बोट फिरवलं. बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडायची कामं त्यांनी पाहिलेली. “काम द्यायचं म्हणून काढलेलं काम इतकं नीट करवून घ्यायला मुकादम चांगला लागतो,” असा शेरा मिळाला. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

स्टेट पार्कची दुसरी गंमत म्हणजे प्रवेश फी सहसा गाडीमागे असते, माणसामागे नाही. मिनीव्हॅनमध्ये सात जण कोंबून आणलेल्या मराठी माणसाला यात जो आनंद होतो, तो निसर्गाने होत नाही. आत लाकडी बाकं आणि खांबावर बसवलेली लोखंडी शेगडी. कोळसा आपण न्यायचा. शेजारी बर्गर परतले जात असतात. आपण तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी काढतो आणि त्याच शेगडीवर कणसं भाजतो, लिंबू-तिखट-मीठ चोळून. शेजारची लहान मुलगी टक लावून बघत होती. आईने इंग्रजीची वाट न बघता तिच्या हातात अर्धं कणीस ठेवलं.

पायऱ्या झेपणार नसतील, तर जवळच्या कयूगा तळ्याकाठचं टॉगॅनॉक पार्क बरं. पाऊण मैलाची सपाट वाट थेट धबधब्याच्या पायथ्याशी नेते. उंची २१५ फूट, नायगाऱ्यापेक्षा तेहतीस फूट जास्त. हे कळल्यावर बाबांनी दुसऱ्या दिवशी नायगाऱ्याला पोचेपर्यंत तीनदा ऐकवलं. अर्थात ऑगस्टमध्ये गेलात, तर टॉगॅनॉकला पाण्याची बारीक धारच दिसेल; त्यापेक्षा मेअखेर बरी. वॉटकिन्स ग्लेनची घळीतली वाट हिवाळ्यात बंद असते, म्हणून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीचा बेत आखू नका. आणि चढ नको असेल, तर एकाला ड्रायव्हर करा, बाकीच्यांनी वरच्या गेटाला उतरून घळीतून खाली चालत यावं.