तुम्ही विचारलंत म्हणून: त्या आजारानंतर मूल होतं का?

"बाई, एक विचारू? चार वर्षं मला पाळीच आलेली नाही. मला कधी मूल होईल का?"

गोव्यात डिचोलीच्या बसस्टँडवर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने हे विचारलं. बस यायला पाच मिनिटं होती आणि ती माझ्याकडे न बघता, समोरच्या फळांच्या गाड्याकडे बघत बोलत होती. त्यानंतर हाच प्रश्न मला फोनवर आला, हळदीकुंकवाला आला, एकदा शाळेच्या जिन्यात एका आईने मुलीसाठी विचारला. मला ॲनोरेक्सिया नर्व्होसा होता, म्हणजे स्वतःला उपाशी ठेवायला लावणारा मानसिक आजार. त्यातून मी बरी झाले हे मी लपवत नाही. आम्ही दोघं आता मुलासाठी प्रयत्न करतोय हेही गावात सगळ्यांना ठाऊक आहे. बसस्टँडवर मी "होईल गं" एवढंच म्हटलं आणि बस आली. ते उत्तर फार तोकडं होतं, म्हणून आता नीट सांगते.

माझं वजन तेव्हा किती होतं ते मात्र इथे लिहिणार नाही. या आजारात दुसरीचा आकडा वाचला की आपला त्याहून खाली न्यावासा वाटतो. मी स्वतः तसे आकडे शोधून वाचले आहेत.

माझा आजार उपासाच्या आड वाढला. सतराव्या वर्षी सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी, एकादशी. आमच्याकडे सोमवारी घर शिवराकच, म्हणजे शाकाहारी, असायचं, त्यामुळे मी त्यापुढे जाऊन काहीच खात नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट कौतुक व्हायचं, पोर किती देवाधर्माची म्हणून. उपास सोडायच्या वेळी मी दोन घास घेऊन उठायचे. अठराव्या वर्षी पाळी थांबली. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली: घरात कुठलाही सण असो, मी कायम हाताशी. चवथ (गणेशचतुर्थी), नवरात्र, श्रावणातले आयतार (रविवार), कधीच मला बाजूला बसावं लागत नव्हतं. नैवेद्याचं ताट वाढायला आई मलाच हाक मारायची. चार वर्षं. तिच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. पण कुठे घेऊन जायचं, काय म्हणून सांगायचं, हे तिला तरी कुणी शिकवलं होतं?

बाविसाव्या वर्षी चक्कर येऊन पडले, तिथून उपचार सुरू झाले. मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, दोन वर्षं. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. पाळीसाठी वाटेत कुणीतरी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या आणि दर महिन्याला रक्तस्राव व्हायला लागला. घरातले निश्चिंत झाले, मीही झाले. हे मुद्दाम सांगते, कारण विचारणाऱ्या कितीतरी जणी याच भ्रमात असतात. गोळ्या थांबवल्यावर येणारा तो स्राव गोळ्यांमुळेच येतो. आत बीज तयार होतंय की नाही ते त्यावरून कळत नाही.

लग्नानंतर गोळ्या बंद केल्या. सात महिने काही आलं नाही. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी सोनोग्राफी केली, अंडाशयात बरेच छोटे छोटे फुगे दिसले, आणि त्या म्हणाल्या, "पीसीओडी आहे. पाच किलो कमी करा, पाळी येईल." पीसीओडी म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होणारा अंडाशयाचा आजार.

मला पूर्वी काय झालं होतं ते मी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद त्यांच्या टेबलावर होता. मी घरी आले, त्याच संध्याकाळी भात बंद केला आणि तीन आठवड्यांत माझ्या डोक्यातला तो जुना आवाज असा परत आला की जणू कधी गेलाच नव्हता. त्याला आता डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली होती. मूल हवंय ना, मग खाऊ नकोस. या जन्मात माझ्यावर कुणी इतकं नेमकं अस्त्र चालवलेलं नाही. त्यामागे द्वेष नव्हता हे मला कळतं, तरी राग अजून गेलेला नाही.

नवऱ्याने ताटातला भात मोजला. म्हणजे माझ्या समोर नाही, पण दोन दिवस त्याने बघितलं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेऊन आला. त्यांनी सोनोग्राफीआधी रक्ताचे रिपोर्ट मागितले. पाळी चालवणारी संप्रेरकं, एलएच आणि इस्ट्रोजेन, दोन्ही कमी, गर्भाशयाचं अस्तर पातळ. उपाशी शरीरातही अंडाशय सोनोग्राफीत असंच दिसू शकतं, पण पीसीओडीत एलएच सहसा असा तळाला गेलेला नसतो आणि इस्ट्रोजेनही असं आटत नाही. पीसीओडी आणि उपासमारीने थांबलेली पाळी, या दोन्हींवरचा सल्ला अगदी उलटा आहे, म्हणून हा फरक तुम्ही स्वतः लक्षात ठेवा आणि तपासायला जाल तिथे आधीचा आजार तोंडाने सांगा. कागदावर विसंबू नका.

त्यांनी मला चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढून दाखवलं. मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून भाग असतो. तो साधारण तास-दीड तासाने एका संप्रेरकाची छोटी लाट सोडतो, ती पोचली की पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते, आणि त्यांच्या जोरावर अंडाशयात बीज पिकतं. पोटात कमी गेलं, अंगावरची चरबी उतरली, व्यायाम फार झाला, की त्या लाटा मंदावतात. चरबीतून निघणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक घटतं आणि मेंदूला निरोप जातो की घरात साठा नाही. गर्भाशय, अंडाशय शाबूत असतात. वरून निरोपच येत नाही.

१९४४–४५च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्म एकदम घटले. मे १९४५मध्ये अन्न आलं, आणि काही महिन्यांत पुन्हा दिवस राहू लागले. मी हे वाचलं तेव्हा रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या शरीराने माझ्यावर सूड घेतला. ते फक्त धान्याची वाट बघत होतं.

अंडं फुटायच्या, म्हणजे बीज सुटायला मदत करणाऱ्या, गोळ्या त्या दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच दिल्या नाहीत. इस्ट्रोजेन इतकं कमी असताना त्या गोळ्यांचा बहुधा उपयोग होत नाही, आणि उपाशी अंगात गर्भ रुजवणंही बरं नाही, असं त्यांचं म्हणणं. हाडांची घनता तपासली, ती कमी निघाली. ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू झालं. पहाटे डोंगरावर धावणं बंद. आणि जेवण. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याला पोई, अकराला उकड्या तांदळाची पेज आणि वर खोबरं, दुपारी हुमण-भात, चारला नाचण्याची तिजण, रात्री पुन्हा भात. बरी झालेली बाई जेवते तेवढं मी आधीही जेवत होते. पण साठा रिकामा असलेल्या शरीराला तेवढं पुरत नाही, हे मला कळलं नव्हतं. 'बरी झाले' आणि 'भरून आले' यांत माझे काही किलो उरले होते आणि ते चढताना अंगावर काटा यायचा. मानसोपचारतज्ज्ञांकडे मी पुन्हा जायला लागले. तुम्हीही जा. याला मागे जाणं म्हणत नाहीत.

इथे एक सावधगिरी. थांबलेली पाळी परत यायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी नसतानाही दिवस राहू शकतात. ज्यांना इतक्यात मूल नको त्यांनी "मला कुठे पाळी येते" या भरवशावर राहू नये.

पाच महिन्यांनी, चवथीच्या आदल्या दिवशी, मी गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायच्या कांगलांचे, म्हणजे रानफळांचे, झुबके करत बसले होते. पोटात बारीक कळ आली. मोरीत जाऊन बघितलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं, "आता मला चालायचं नाही." त्यांनी माझ्या हातातला झुबका काढून घेतला. चवथीला घरची सून बाजूला म्हणजे सगळं काम एकट्या त्यांच्यावर. मी खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून आरती ऐकली. बाजूला बसायच्या या चालीबद्दल माझी मतं वेगळी आहेत, पण त्या दिवशी मला ती जागा सोडायची नव्हती.

याच सासूबाईंनी लग्नानंतर वर्षभरात मला सोळा सोमवार धरायला सांगितले होते. "देव ऐकता," म्हणाल्या होत्या. तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, सतराव्या वर्षापासूनचं. त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवस स्वयंपाकघरात नुसता भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "उपास हांव धरतां. तूं जेव."

तर मूल होईल का? पुष्कळ जणींना होतं, आणि बऱ्याच जणींना कुठल्याही औषधाशिवाय. काहींना इंजेक्शनं लागतात, काहींना वेळ लागतो. मला अजून दिवस राहिलेले नाहीत. दहा महिने झाले, पाळी चौतीस-पस्तीस दिवसांनी येते आणि बीज सुटतंय हे तपासणीत दिसलंय. एरवी पस्तिशीच्या आतल्या बाईला वर्षभर थांबायला सांगतात. आपला इतिहास असेल तर तेवढं थांबू नका, आधीच दाखवा. दिवस राहिले तर दर भेटीला वजन होईल, याची मला आतापासून धास्ती आहे. काट्याकडे पाठ करून उभी राहीन आणि आकडा मोठ्याने वाचायचा नाही, असं डॉक्टरांशी ठरवून ठेवलंय.

सासूबाईंचा आज अकरावा सोमवार. त्या पाटावर शेंगदाणे आणि केळं घेऊन बसल्या आहेत. माझं ताट त्यांनी वाढून ठेवलंय, वर तूप जरा जास्तच आहे. मी जेवायला जाते.